अज्ञातवासातला मल्ल

रंगभूमीवर अर्जुनाच्या कौशल्याचे कौतुक चालू असताना कर्ण पुढे सरसावला आणि आपण याच्याशी लढायला तयार आहोत असे म्हणाला. त्या वेळी कृपाचार्यांनी त्याला त्याचे बळ विचारले नाही, विद्या विचारली नाही. विचारले ते कूळ. कर्णाची मान खाली गेली. हा प्रसंग आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो आणि आपली सहानुभूती बहुधा कर्णाकडेच जाते. परंतु याच कर्णाने परशुरामाकडे विद्या मागताना आपण ब्राह्मण आहोत असे सांगितले, हेही आपण वाचलेले असते. तिथे मात्र आपण थोडे अडखळतो. शाप मिळाला तो अन्याय, असे म्हणावे तर खोटे बोलणे क्षम्य ठरते. योग्यच झाले म्हणावे तर कृपाचार्यांचा प्रश्नही योग्य ठरतो.

आपल्या जन्माविषयी खोटे बोलणारा माणूस कितपत दोषी? या प्रश्नाचा विचार करताना मला पुराणातल्या कर्णाइतकीच विसाव्या शतकातल्या एका मल्लाची आठवण येते. कारण कर्णाला निदान गप्प तरी राहता आले. या मल्लाला आयुष्यभर दुसऱ्याच कुळाचा जयजयकार स्वतःच्या कानांनी ऐकावा लागला, आणि तोही स्वतःच्याच पराक्रमासाठी.

त्याचे नाव रिकिदोझान. जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीचा जनक म्हणून तो ओळखला जातो. मूळ नाव किम सिन-राक. जन्म १९२४ चा, कोरियाच्या उत्तरेकडील दक्षिण हामग्याँग प्रांतातला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. १९१० साली जपानने तो देश रीतसर आपल्या साम्राज्याला जोडून टाकला होता. सिरुम ही कोरियाची देशी कुस्ती. तिच्यात हा पोरगा चमकला, आणि नागासाकी प्रांतातल्या ओमुरा गावच्या मोमोता नावाच्या सुमोशौकिनाच्या द्वारे तो जपानला आला. १९४० साली तो निशोनोसेकी नावाच्या सुमोच्या तालमीतर्फे आखाड्यात उतरला. आरंभी मल्लांच्या यादीत त्याच्या नावापुढे मूळ ठिकाण कोरिया असेच लागत होते. पुढे तिथे नागासाकी आले. १९४९ पर्यंत तो सेकिवाके या पदावर, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवर पोचला. १९५० मध्ये त्याने एकाएकी सुमो सोडली आणि मल्लाची खूण असलेला डोक्यावरचा बुचडा स्वतःच्या हाताने कापून टाकला. तालमीच्या मालकाशी पैशांवरून बिनसले असे काही म्हणतात, परक्याला वरची पायरी मिळणार नाही हे कळून चुकले असे काही म्हणतात. दोन्ही खरे असू शकेल.

यानंतरची हकिकत वेगाने सांगण्यासारखी आहे. काही काळ एका बांधकाम कंपनीत नोकरी; १९५१ च्या ऑक्टोबरात टोकियोत अमेरिकन पद्धतीची पहिली कुस्ती; १९५२ मध्ये होनोलुलूला शिक्षण आणि पुढे सान फ्रान्सिस्कोकडे कुस्त्या; १९५३ मध्ये परतल्यावर जपानी व्यावसायिक कुस्तीच्या संघटनेची स्थापना. त्याच वर्षी जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली होती. संच घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून चौकाचौकात, स्टेशनांसमोर सार्वजनिक संच मांडले गेले होते.

१९५४ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या कुरामाए सभागृहात रिकिदोझान आणि जूडोचा विख्यात खेळाडू मासाहिको किमुरा ही जोडी शार्प बंधूंच्या विरुद्ध उतरली. बाहेर रस्त्यांवरच्या संचांपुढे हजारोंची गर्दी लोटली होती. लढाई हरून नऊ वर्षेही झाली नव्हती, अमेरिकेचा लष्करी अंमल उठून दोन वर्षे पुरी झाली नव्हती. अशा वेळी धिप्पाड गोरे पैलवान एका जपानी माणसाच्या हाताच्या फटक्यांनी लडबडताना लोकांनी पाहिले. माणसे ओरडली, रडली, परक्याच्या गळ्यात पडली. ज्यांनी त्या काळाविषयी लिहिले आहे ते सगळे सांगतात की, हरलेल्या राष्ट्राला पुन्हा उभे राहिल्यासारखे त्या दिवसांत वाटले.

आता यातली मौज, किंवा व्यथा म्हणा, अशी की, अमेरिकन म्हणून ज्यांना लोक शिव्या देत होते ते शार्प बंधू कॅनडाचे होते, आणि जपानी म्हणून ज्याला डोक्यावर घेत होते तो कोरियाचा होता. रिंगणाच्या दोन्ही कोपऱ्यांतली नावनिशी खोटी होती. खरे होते ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी.

या कुस्तीलाच आपल्याकडे ‘फ्री स्टाईल’ म्हणत. तालमीच्या लाल मातीत वाढलेल्या लोकांना तिच्याविषयी कधीच आदर वाटला नाही. आमच्या गल्लीतले वस्ताद दोन शब्दांत तिचा निकाल लावत, ‘नुरा कुस्ती!’ म्हणजे कोण चितपट होणार हे फडात उतरायच्या आधीच ठरलेली कुस्ती. वस्तादांचे चूक नव्हते. पण दारासिंग आणि किंगकाँग यांच्या नावांनी ज्यांचे बालपण भारले, त्यांना हे सांगून उपयोग नसे. हाच किंगकाँग १९५५ साली जपानला गेला होता आणि आशियाच्या अजिंक्यपदासाठी रिकिदोझानशी लढून हरला होता. आमच्या पिढीने ज्या जगाच्या काठावर उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्याच मधोमध हा मनुष्य उभा होता.

असो. मुद्दा कुस्तीच्या खरेखोटेपणाचा नाही. निदान अजून नाही. आधी जन्माच्या खोटेपणाचे पाहू.

रिकिदोझानची नोंद जपानी कुटुंबपटात ‘मोमोता मित्सुहिरो, ओमुरा’ अशी झाली होती आणि वृत्तपत्रांपुढे तो हेच सांगत राहिला. सत्यवाद्यांच्या दृष्टीने हे असत्य आहे आणि असत्याला अपवाद नाही. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने तर १७९७ सालच्या एका निबंधात असा पवित्रा घेतला की, मित्राचा खून करायला निघालेला माणूस दारात येऊन ‘तो घरात आहे का’ विचारू लागला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. एवढी ताठर भूमिका घेणे सामान्य माणसाला जमत नाही, आणि जमू नये असे माझे मत आहे. पण कांटच्या उदाहरणाने एक गोष्ट लक्षात येते. सत्याचा प्रश्न नेहमी दोघांचा असतो, सांगणाऱ्याचा आणि विचारणाऱ्याचा. कांटने सांगणाऱ्याकडेच पाहिले. विचारणाऱ्याच्या हातात काय आहे, ते पाहिले नाही.

कोरियन माणसाला जपानात ‘तू कुठला’ असे विचारणाऱ्याच्या हातात काय होते? रिकिदोझानच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, टोकियो-योकोहामाच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष घालताहेत अशी अफवा उठली आणि गल्लोगल्ली पहारे बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानी भाषेत म्हणायला लावत. कोरियन जिभेला त्यातले काही उच्चार जड जातात. जीभ चुकली की माणूस मेला. त्या दिवसांत अनेक कोरियन असे मारले गेले. ‘कुठला’ या प्रश्नाचे एक टोक इथवर पोचते.

आणि नावाचा खोटेपणा सुरू केला कुणी? १९४० साली, म्हणजे हा पोरगा सुमोच्या आखाड्यात उतरला त्याच वर्षी, कोरियन लोकांना जपानी धर्तीची कुटुंबनावे घ्यायला लावणारा हुकूम अमलात आला. राज्यच म्हणाले, तुमची नावे टाका, तुम्ही आमचे आहात. पुढे लढाई संपली, आणि २८ एप्रिल १९५२ ला जपान पुन्हा स्वतंत्र झाले त्या दिवशी तेच राज्य म्हणाले, तुम्ही आमचे नाही. जपानात राहिलेल्या लाखो कोरियनांचे नागरिकत्व त्या दिवशी गेले. ज्यांना बारा वर्षांपूर्वी जबरीने जपानी नावे दिली होती, त्यांनाच आता बोटांचे ठसे देऊन परके म्हणून नोंद करावी लागणार होती. अशा ठिकाणी एखाद्याने राज्याच्याच पहिल्या खोट्याला धरून ठेवले, तर त्याला खोटारडा म्हणण्यापूर्वी आपण जरा थांबावे.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल इथे कुणीतरी पुढे करील. गोत्र काय असे गुरूने विचारले. मुलाने सांगितले, मला ठाऊक नाही, आईलाही ठाऊक नाही. गुरूने त्याला शिष्य करून घेतले, कारण तो सत्यापासून ढळला नाही. ही गोष्ट आपण सत्यकामाच्या सत्यनिष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण ती हारिद्रुमत गौतमाचीही गोष्ट आहे हे आपण विसरतो. मुलाचे उत्तर ऐकून गौतमाने त्याला हाकलून दिले असते, तर? तर सत्यकामाची कहाणी उपनिषदात आली नसती. आणि त्याच्यामागून येणाऱ्या मुलाने गोत्र बनवून सांगितले असते. कर्ण आणि सत्यकाम यांच्यातला फरक त्यांच्या सत्यप्रेमाचा असेल. पण त्यांना भेटलेल्या गुरूंचा तो निश्चितच आहे. सत्य सांगणाऱ्याचे धैर्य लागते तसे ऐकणाऱ्याचे औदार्य लागते. दुसरे नसेल तिथे पहिले मागण्याचा अधिकार कुणाला पोचतो?

म्हणून माझे म्हणणे असे की, जन्म लपवणे हा रिकिदोझानचा गुन्हा नव्हता. सत्य ज्याला देणे लागते त्याला ते द्यावे. मित्राला, जोडीदाराला, न्यायासनाला, शब्द दिलेल्या माणसाला ते देणे लागते. गर्दीला आपल्या रक्ताचा हिशेब देणे लागत नाही.

पण गुन्हा नव्हता म्हणजे किंमत नव्हती असे नाही. पांडवांचाही अज्ञातवास झाला होता. त्यात भीम बल्लव नावाचा आचारी होऊन विराटाच्या घरी राहिला आणि तिथल्या उत्सवात जीमूत नावाच्या मल्लाला त्याने लोळवले. त्या वेळी भीमाने आपले नाव चोरले म्हणून कुणी त्याला दोष देत नाही. मात्र पांडवांच्या अज्ञातवासाला मुदत होती. एक वर्ष सरले की भीम पुन्हा भीम होणार होता. या मल्लाच्या अज्ञातवासाला मुदतच नव्हती. उलट प्रत्येक विजयाबरोबर ती लांबत होती. १९५७ च्या ऑक्टोबरात जगज्जेता लू थेझ टोकियोला आला आणि त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली; १९६२ च्या मार्चमध्ये लॉस एंजलिसला फ्रेडी ब्लासीला हरवून याने पट्टा जिंकला. जितका तो जपानचा होत गेला, तितके परत फिरणे अवघड होत गेले. यश हाच त्याचा कोंडवाडा झाला.

इसाओ हारिमोतो या बेसबॉलपटूने सांगितलेली एक आठवण आहे. हारिमोतोही कोरियन. १९४० साली हिरोशिमात जन्मलेला, अणुबाँबमधून वाचलेला, पुढे ३०८५ फटक्यांचा जपानी विक्रम करणारा. आणि आपण कोरियन आहोत हे त्याने लपवले नाही. रिकिदोझानच्या घरी गेला असताना यजमानाने दार लावून घेतले आणि रेडिओ हळू आवाजात लावून कोरियन गाणी ऐकली, असे तो सांगतो. उघडपणे का सांगत नाही असे या तरुणाने विचारताच तो खवळला. पारतंत्र्यात आम्हांला कसे वागवले हे तुला ठाऊक नाही, असा त्याच्या रागाचा सूर होता. ज्याच्या एका फटक्याने सगळा देश गर्जत असे, त्याला आपल्या आईच्या भाषेतले गाणे ऐकायला दार बंद करावे लागत होते.

यावर आक्षेप असा येईल की, हारिमोतोला जमले ते याला का जमू नये? त्याने एकदा छाती ठोकून सांगितले असते, तर लाखो कोरियनांची मान वर झाली असती. आक्षेप वजनदार आहे. जो लपतो तो स्वतःपुरता वाचतो आणि लपता न येणाऱ्यांना एकटे पाडतो, हे नाकारता येत नाही. तरीही मला वाटते की, अशा त्यागाचे कौतुक करावे, त्याची मागणी करू नये. आणि आपण स्वतः सुरक्षित असताना तर मुळीच करू नये. शिवाय १९२४ चा जन्म आणि १९४० चा जन्म यांत सोळा वर्षांचे अंतर आहे. एकाने पारतंत्र्य अंगावर घेतले होते, दुसरा कळता झाला तो ते संपल्यावर.

आपल्या लोकांसाठी त्याने काहीच केले नाही असेही नव्हे. १९५८ मध्ये किम इल नावाचा एक कोरियन तरुण याचे नाव ऐकून कागदपत्रांशिवाय जपानात उतरला आणि पकडला गेला. त्याला रिकिदोझानने सोडवून आपला शिष्य केले. ‘ओकी किंतारो’ या नावाने तो जपानात गाजला आणि पुढे दक्षिण कोरियाचा लाडका मल्ल झाला. १९६३ च्या जानेवारीत रिकिदोझान स्वतः सेऊलला जाऊन आला. तिकडे त्याचे उघड स्वागत झाले. जपानात त्याची फारशी वाच्यता झाली नाही. दोन कोरियांच्या सीमेवर जाऊन उत्तरेकडे, आपल्या गावाच्या दिशेने, तो मोठ्याने ओरडला असे सांगतात. त्याचे गाव पलीकडे होते. पहिली मुलगीही पलीकडेच होती.

आता वस्तादांच्या ‘नुरा कुस्ती’कडे वळू. कारण माझ्या मते या माणसावरचा खरा आरोप तिथे आहे.

शार्प बंधूंच्या कुस्तीत मार खाण्याचे काम किमुराकडे आणि येऊन वाचवण्याचे काम रिकिदोझानकडे, अशी वाटणी झाली होती. किमुरा काही लहान माणूस नव्हता. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने एलिओ ग्रेसीला हरवले होते. त्याला हे लागले आणि खरी कुस्ती झाली तर मी हरणार नाही असे त्याने वृत्तपत्रातून सांगितले. २२ डिसेंबर १९५४ ला दोघांची कुस्ती जोडली गेली. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे ती बरोबरीत सोडवायची असे ठरले होते. प्रत्यक्षात मध्येच रिकिदोझान उसळला आणि त्याने किमुराला रक्तबंबाळ करून पाडले. किमुराने अवघड जागी लाथ मारली म्हणून आपण चिडलो, अशी त्याची बाजू होती. दोघांपैकी कुणाचे किती खरे हे आज ठरवणे कठीण. पण सावध नसलेल्या माणसावर तो तुटून पडला, हे चित्रफितीतही दिसते.

ठरवून केलेली कुस्ती प्रेक्षकांना फसवते, असे वस्ताद म्हणतील. थोडे फसवतेही. पण नाटकातला खून पाहून आपण पोलिसांत जात नाही; प्रेक्षकही अर्धे जाणून असतो. दोन नटांमध्ये मात्र एक करार असतो, की मी पडेन तेव्हा तू धरशील. तिथे सगळी भिस्त दिलेल्या शब्दावर असते. किमुराचे म्हणणे खरे असेल, तर रिकिदोझानने मोडला तो हा शब्द. आणि माझ्या दृष्टीने त्याचे खरे असत्य ते आहे. जन्म त्याने निवडला नव्हता, म्हणून त्याविषयीचे मौन त्याच्या चारित्र्याविषयी फारसे काही सांगत नाही. शब्द त्याने स्वतः दिला होता. माणूस ओळखावा तो इथे.

आणि लोकांनी काय केले पाहा. किमुराला पाडल्यानंतर या माणसाचे राज्य निर्विवाद झाले. शब्द मोडला गेला का, हे विचारण्यात फार थोड्यांना रस होता. त्याचे रक्त कुठले हे उघड झाले असते, तर मात्र बहुधा त्याच लोकांनी त्याला फसवणारा ठरवले असते. निदान त्याला स्वतःला तशी खात्री होती. माणसाने जे केले ते क्षम्य आणि जे त्याने केलेच नाही ते अक्षम्य, असा हा उफराटा न्याय आहे. तो जपानचाच आहे असे समजून आपण सुटू नये.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री टोकियोच्या आकासाका भागातल्या एका नाइटक्लबात एका टोळीतल्या माणसाशी त्याची बाचाबाची झाली आणि त्याने याच्या पोटात सुरी खुपसली. शस्त्रक्रिया झाली, तरी १५ डिसेंबरला तो गेला. वय अवघे ३९. त्याच्या तापट स्वभावाची आणि मद्यपानाची ख्याती मोठी होती; त्याला साधू करण्याचे कारण नाही. मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या जन्माची हकिकत पुस्तकांतून उघड झाली. आणि झाले काय? जपान कोसळले नाही. टोकियोच्या होनमोन्जी मंदिरातल्या त्याच्या समाधीवर आजही लोक जातात. उत्तर कोरियाने त्याला आपला वीर म्हटले. १९९५ च्या एप्रिलमध्ये त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी कुस्त्यांचा मोठा फड घेऊन प्याँगयांगला गेला. दक्षिण कोरियात २००४ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. जिवंतपणी ज्याला एका देशाचे होण्यासाठी दार लावून घ्यावे लागले, त्याच्या मेल्यावर तीन देश ‘आमचा, आमचा’ म्हणत उभे राहिले. मेलेल्या माणसाचे कूळ कुणालाच अडचणीचे नसते.

आमच्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न नवा नाही. कचेरीच्या खिडकीशी तो ऐकला आहे, शिरगणतीच्या कागदावर वाचला आहे, आणि त्याचे उत्तर देताना समोरच्याच्या चेहऱ्याचा अंदाजही घेतला आहे. आमचे दुःख त्या कोरियनांच्या दुःखाशी तोलण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण हाच प्रश्न आम्हीही विचारतो. खोली भाड्याने देताना विचारतो, मुलीला मागणी आली की विचारतो, गल्लीत नवे बिऱ्हाड आले की आडनावावरून जात आणि बोलीवरून मुलूख काढतो. त्या वेळी समोरचा किंचित थांबतो. त्या थांबण्यात तो खोटे बोलावे की खरे, याचा विचार करीत असतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो आपली परीक्षा करीत असतो. आपण कृपाचार्य आहोत की गौतम, हे तो पाहत असतो. त्याने खरे सांगावे अशी अपेक्षा असेल, तर उत्तर काहीही आले तरी खोलीची किल्ली त्याच्या हाती द्यायची, हे आपण विचारण्याआधीच ठरवलेले असले पाहिजे. तसे ठरले नसेल, तर त्याला विचारूच नये.